ट्रेव्हरच्या नव्वद रात्री

बसा हो, घाई कसली. ट्रेव्हरच्या भाताची गोष्ट ऐका, मग जा.

ट्रेव्हर इंग्लंडातला नळ दुरुस्त करणारा. म्हातारपणी त्यानं इथं स्पेनात, आमच्या आळीत घर घेतलं. पुढं त्याचा देश युरोपच्या युनियनमधून बाहेर पडला आणि नियम लागला: एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहायचं. बायको मॉरीनची आजी आयरिश. आयर्लंड अजून युनियनमध्येच, म्हणून तिनं आयरिश पासपोर्ट काढला, ती बारमाही इथंच. ट्रेव्हरची मात्र सारखी ये-जा.

यंदा जत्रेतल्या भाताच्या स्पर्धेत आळीच्या कढईपाशी त्याला पहिल्यांदा उभं राहायला मिळणार होतं. तीन महिने गडी त्याच आनंदात. स्पर्धा रविवारी, विमान सोमवारी.

शनिवारी बारमध्ये आमच्या आळीतल्या अमादेओनं त्याला विचारलं, "दिवस नीट मोजलेस ना?"

"मोजले की. सोमवारी सकाळी बरोब्बर नव्वद रात्री."

"रात्री? हॉटेलात उतरलायस होय रे? इथं तारखा मोजतात. आल्याची एक, गेल्याची एक. सोमवारी एक्क्याण्णव होतात, बाबा."

ट्रेव्हरनं बोटांवर तारखा पुन्हा मोजल्या. एक्क्याण्णवच. सीमेवर पकडलं तर पुन्हा येऊ देतील का नाही, कुणी सांगावं?

रविवारी एकच विमान, दुपारी तीनचं. बाराला कढईत ससा परतला, तांदूळ पडला आणि अमादेओनं गाडीचा भोंगा वाजवला.

"मॉरीन, सारखं ढवळत राहा. खाली लागेल," असं म्हणत, डोळे पुसत ट्रेव्हर गाडीत बसला. हातातला डाव हातातच.

विमानतळावर तपासणीवाल्यानं डाव उचलून विचारलं, "हे काय?"

"आळीची अब्रू," ट्रेव्हर म्हणाला.

आता खरं सांगतो. आमच्याकडं तांदूळ पडला की भात ढवळत नाहीत. पण त्याचा आनंद बघून सांगायला कुणाची जीभ उचलली नव्हती. डावच गेला, मग ढवळणार कोण? तळाला सोन्यासारखी खरवड धरली, आणि परीक्षक तिच्यावरच खूश. पहिला नंबर.

अमादेओ परत आला तेव्हा मॉरीन खरवड खात बसली होती. तो हळहळला, "बिचारा. काही मार्ग नाही का गं?"

"आहे की. आयरिश बायकोच्या नवऱ्याला राहायचं कार्ड मिळतं. अर्ज कपाटात आहे."

"मग भरत का नाहीस?"

"भरते. पण मग तो दर जत्रेत डाव घेऊन कढईपाशी. आधी त्याला भाताचं कोण सांगतंय ते ठरवा."

ते आजतागायत ठरलेलं नाही, जो तो दुसऱ्याचं नाव सांगतो. ट्रेव्हर फोनवर विचारतो, "नीट ढवळलंत ना?" आम्ही सगळे एका सुरात "हो" म्हणतो.

परवा येतोय तो. तुम्ही पडलात बाहेरचे, तुमचा त्याला राग यायचा नाही. तेवढं सांगाल का त्याला?