बटाट्याचा ब्रेड आणि सात जोड चपला

माणसानं गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोलू नये, हे मला छप्पन्नाव्या वर्षी समजलं. त्याआधी समजायला हरकत नव्हती, पण आमच्याकडे सगळ्याच गोष्टी जरा उशिरा पोचतात.

झालं असं की, बुधवारी संध्याकाळी मृणालिनीचा फोन आला. मृणालिनी म्हणजे आमची सौभाग्यवती. ती तेव्हा इथून उत्तरेला पापाकुरा नावाच्या गावी होती, आमच्या लेकीकडे, निवेदिताकडे. निवेदिताचं सिझेरियन झालेलं, जावई श्रीनाथ विमानतळावर शिफ्टमध्ये काम करणारा, आणि नात जन्मल्यापासून एकाच सुरात रडणारी. त्यामुळे मृणालिनी 'सहा आठवड्यांसाठी' म्हणून गेली होती, त्याला आता पाच महिने होत आले होते. मी इकडे दक्षिणेला, पामर्स्टन नॉर्थ गावात. मध्ये जवळजवळ पाचशे किलोमीटर.

"आज काय खाल्लंत?" तिनं विचारलं.

"खिचडी."

"काल?"

"काल जरा पातळ खिचडी."

फोनवर शांतता पसरली. ही शांतता मी ओळखतो. लग्नाला एकोणतीस वर्षं झालीत. असं गप्प राहून ती मनातल्या मनात बसचं वेळापत्रक चाळत असते. ती परत यावी असं मला वाटत नव्हतं का? वाटत होतं. रोज वाटत होतं. ऑफिसातून आलो की घराचं कुलूप उघडायच्या आधी मी दोन मिनिटं गाडीतच बसून राहायचो, कारण गाडीत निदान रेडिओ बोलायचा. पण तिकडे लेकीच्या मांडीवर रडणारं बाळ, जावयाला रात्रपाळी, आणि मी इथे धडधाकट बाप्या. माझ्यासाठी ती निघून आली असती तर मला आरशात स्वतःचं तोंड बघवलं नसतं. म्हणून मी ते जास्तीचं वाक्य बोललो.

"अगं, मुद्दामच हलकं खातोय. शनिवारी पाच जण जेवायला येणारेत."

"तुमच्याकडे?" ती म्हणाली. (या 'तुमच्याकडे'त जेवढं आश्चर्य होतं तेवढं मला नोकरी लागली तेव्हाही कुणाला वाटलं नव्हतं.) "आणि त्यांना काय घालणार?"

त्या दिवशी सकाळच्या चहाला आमच्या लॅबमधल्या कुणीतरी भाजी भरून गुंडाळलेला ब्रेड आणला होता. तोच डोळ्यांसमोर आला.

"बटाट्याची भाजी भरलेला ब्रेड. अळुवडीसारखा गुंडाळायचा आणि भाजायचा. सोपा असतो."

"बरं," मृणालिनी म्हणाली. "टेबलाचा फोटो पाठवा."

पाच जण कोण, हा पुढचा प्रश्न होता. तसं या गावात आपलं म्हणावं असं एक घर आहे. रवींद्र आणि वसुंधरा, चार घरं सोडून राहतात. मृणालिनी गेल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी मला चारदा जेवायला बोलावलं. चारही वेळा मी गेलो, दोनदा वाढून घेतलं आणि घरी आल्यावर मला उगाचच लाज वाटली. मग पाचव्या वेळी मी 'जरा काम आहे' म्हणालो, सहाव्या वेळीही तेच, सातव्या वेळी त्यांनी बोलावलं नाही. आता कुठल्या तोंडानं बोलावणार? ऑफिसातल्या दोघांना सहज विचारून पाहिलं. एकाला शनिवारी मुलाची रग्बी होती आणि दुसरा 'स्वीट अ‍ॅज, अनदर टाइम', म्हणजे 'मस्तच, पुन्हा कधीतरी', असं म्हणून निघून गेला.

तेव्हा मी ठरवलं की ब्रेड खरा करायचा आणि पाहुणे खोटे.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी एका संशोधन संस्थेत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतो. काटे, थर्मामीटर, असली नाजूक मंडळी माझ्या हाताखालून जातात. म्हणजे 'अंदाजे' हा शब्द मला वर्ज्य. मृणालिनी मूठ मूठ टाकून स्वयंपाक करते ते बघून मी कैकदा तिला व्याख्यान दिलेलं आहे. शनिवारी सकाळी मी डिजिटल काटा मांडला. मैदा पाचशे ग्रॅम, यीस्ट सात ग्रॅम, पाणी कोमट, अडतीस अंश. मीठ दहा ग्रॅम. कृतीत लिहिलं होतं की मीठ आणि यीस्ट एकमेकांना थेट लागू देऊ नका, म्हणून मीठ काटेकोर मोजून वाटीत घेतलं आणि वाटी खिडकीत वेगळी ठेवली.

पीठ मळलं. ते आधी हाताला चिकटलं, मग ओट्याला, मग चष्म्याला. (चष्म्याला कसं, ते विचारू नका.) जुलै महिना म्हणजे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा, घर गारठलेलं, तेव्हा पीठ फुगायला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवलं. इथले लोक त्या कपाटात ओले मोजेही वाळवतात आणि पीठही फुगवतात. माझ्याकडे दोन्ही होतं. तासाभरानं दार उघडलं तर पीठ पातेल्याबाहेर येऊन एका मोज्याच्या गळ्यात पडलेलं. मोजा धुतलेला होता, एवढंच सांगतो.

बटाट्याची भाजी मात्र झकास जमली. वाटाणे, आलं-मिरची, कोथिंबीर, वर किसलेलं चीज. पीठ लाटलं, भाजी पसरली आणि गुंडाळायला घेतली. आमच्या घरी अळुवडीचा उंडा नेहमी मीच धरायचो आणि गुंडाळायची मृणालिनी. आता धरायला कोणी नव्हतं. एक बाजू गुंडाळावी तर दुसरी उलगडायची. शेवटी मी त्या दुसऱ्या बाजूवर लोणच्याची बरणी ठेवली आणि तिला म्हणालो, "हां, धर घट्ट." पाच महिन्यांत माणूस कुठवर येतो ते बघा.

भट्टीत गेल्यावर उंडा फुटला. जोड खाली ठेवायचा असतो, मी वर ठेवला होता. मधोमध चीर पडून बटाटे डोकावायला लागले. पण रंग असा सुरेख आला होता आणि घरभर असा वास सुटला होता की मी भट्टीसमोर स्टूल घेऊन बसलो. कितीतरी दिवसांनी घराला घराचा वास येत होता. 'बघ गं' म्हणायला मागे वळलो आणि तसाच पुन्हा पुढे वळलो.

मग टेबल मांडलं. सहा ताटं, सहा पेले, मध्ये ब्रेड, चीर भिंतीकडे. पाहुणे हात धुवायला गेलेत, तेवढ्यात फोटो काढला असं सांगायचं. फोटो काढला आणि पाठवण्यापूर्वी नीट पाहिला, तेव्हा घाम फुटला. टेबलामागे काचेचं दार, दारापलीकडे पायपुसणं, आणि पायपुसण्यावर माझ्या जॅंडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी स्लिपरांचा, एकुलता एक जोड.

मृणालिनी फोटोतली माणसं बघत नाही, कोपरे बघते. आणि आपल्याकडे पाहुणे आले की आधी दाराशी कळतं. चपला मोजून ती आतूनच सांगते की पोहे किती भिजवायचे.

मी कपाटं उघडली. मृणालिनीच्या कोल्हापुरी, तिचे फिरायला जायचे बूट, तिचे बागेतले गमबूट. निवेदिताचे शाळेतले नेटबॉलचे बूट, ते आम्ही का ठेवलेत देव जाणे. श्रीनाथच्या गेल्या ख्रिसमसला विसरलेल्या जॅंडल्स. माझे लग्नकार्याचे काळे बूट. माझ्या रोजच्या धरून झाले सात जोड. माणसं सहा आणि जोड सात, पण म्हटलं एखादा जास्त असलेला बरा. (हा मोजमापाचा माणूस.) आधी ओळीत लावले. मग लक्षात आलं की पाहुणे कधी ओळीत चपला काढत नाहीत, म्हणून विस्कटले. एक कोल्हापुरी उलटी टाकली.

पुन्हा फोटो काढून पाठवला आणि तरी दारातच उभा राहिलो. किती भरल्यासारखं दिसत होतं दार. आतून आता निवेदिता 'मम, वेअर इज माय टॉवेल' म्हणून ओरडेल आणि मृणालिनी तिला मराठीत उत्तर देईल, असं वाटलं. मला एकदम रडू आलं. मी ते आवरलं नाही, बघायला होतंच कोण.

आमच्या गावचा वारा तुम्हाला माहीत नसेल. शेजारच्या डोंगरावर त्याच्या जिवावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. त्या वाऱ्यानं मी आत ब्रेड कापत असताना आपलं काम केलं. पाच मिनिटांनी दार वाजलं. बाहेर रवींद्र, हातात नेटबॉलचा एक बूट, आणि मागे वसुंधरावहिनी.

"हा आमच्या लॉनवर आला," रवींद्र म्हणाला. त्यानं खाली पाहिलं. "तुमच्याकडे पार्टी आहे वाटतं. चालू द्या."

"आम्हाला काही बोलावणं नव्हतं हो," वसुंधरावहिनी म्हणाल्या. "बुटाला होतं."

"नाही नाही, आत या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या आत आल्या. सहा ताटं पाहिली. न्हाणीघराकडे पाहिलं, बेडरूमकडे पाहिलं.

"माणसं कुठायत?"

"येतायत."

"आणि चपला आधी आल्या?"

यावर जगात कुणाकडे उत्तर असेल तर मला कळवावं. मी खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं, खिचडीपासून गमबुटापर्यंत. रवींद्र बुटाची नाडी सोडत-बांधत ऐकत होता.  वसुंधरावहिनींनी दोन ताटं पुढे ओढली आणि म्हणाल्या, "वाढा."

त्यांनी घास घेतला. एकमेकांकडे पाहिलं.

"छान फुगलाय," रवींद्र म्हणाला.

"रंग सुंदर," वहिनी म्हणाल्या. "थोडं लोणचं आहे का?"

मी ती उंडा धरणारी बरणी दिली. दोघांनी दोन-दोन तुकडे खाल्ले; मी मात्र वाढण्याच्या नादात स्वतः खायचंच विसरलो. वहिनींनी लोणचं तीनदा मागितलं, रवींद्रनं चारदा. जाताना वहिनी दारात थांबल्या. "दर मंगळवारी आमच्याकडे जेवायचं. 'काम आहे' म्हणालात तर मी मृणालिनीला फोन करीन." त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला पडल्यापडल्या झोप लागली.

मृणालिनीकडून फोटोवर फक्त अंगठा आला होता. म्हटलं, पचलं. रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नात होती आणि आश्चर्य म्हणजे ती रडत नव्हती.

"कसे झाले पाहुणे?"

"मजेत."

"काय हो, त्यांतलं माझ्या कोल्हापुरी घालून कोण आलं होतं?"

मी नातीकडे बघून हसलो. तीही हसली नाही.

"आणि गमबूट घालून?" मृणालिनी शांतपणे म्हणाली. "शुक्रवारच्या बसनं निघतेय. दहा दिवस राहणार."

"अगं नको. निवेदिताला तुझी गरज आहे. मी अगदी ठीक..."

"निवेदितानंच तिकीट काढलंय. फोटो आधी तिनं पाहिला. मला म्हणाली, आई, दोज आर माय नेटबॉल शूज. मग बाथरूममध्ये जाऊन रडली. श्रीनाथनं रजा टाकलीय." तिनं नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "एकटं वाटतं तर सरळ सांगायचं. त्यासाठी बटाटे कशाला उकडायचे?"

"वाटतं," मी म्हणालो. "फार वाटतं. ये."

शुक्रवारी संध्याकाळी तिला बसवरून घेऊन आलो. मी बॅगा घेऊन पुढे आणि ती मागे. घरात आलो, दिवा लावला, वळून पाहतो तर ती दारातच उभी.

"काय झालं?"

"पाय कुठे ठेवू? चपला काढायला जागा आहे का?"

सातही जोड तिथेच होते. सहा दिवसांत मला ते उचलावेसे वाटले नव्हते. रोज ऑफिसातून आलो की बरं दिसायचं ते. मी आता एकेक उचलून कपाटात ठेवले आणि त्या जागी तिनं आपल्या चपला काढल्या.

आत आल्यावर तिनं फ्रीझर उघडला. तिच्यासाठी जपून ठेवलेले ब्रेडचे तुकडे मी अभिमानानं गरम करून दिले. तिनं एक घास खाल्ला. हळूहळू चावला. मग उठून खिडकीशी गेली आणि तिथली वाटी उचलून माझ्यासमोर ठेवली. वाटीत मीठ होतं. बरोबर दहा ग्रॅम.

मी वाटीत बोट बुडवून चाखून पाहिलं.

"पण रवींद्रनं आणि वहिनींनी दोन-दोन तुकडे खाल्ले," मी म्हणालो.

"त्यांना तुमची दया आली असेल."

एवढं बोलून तिनं दुसरा तुकडा ताटात घेतला, संपवला आणि तिसऱ्याला हात घातला. माझा ऊर भरून आला.

"आणि तुला?" मी हळूच विचारलं.

"मला कसली दया यायचीय?" तिसरा तुकडा मिठाच्या वाटीत बुडवत ती म्हणाली. "दहा तास बसमध्ये बसून आलेय. मला भूक लागलीय."