सवचं पाणी आणि नवरदेवाची गाडी

विनोदला सुनीलच्या गाडीचा राग नव्हता. राग होता तो त्या गाडीच्या दारात बघून गौतमीने गजरा सारखा केला, याचा.

सुनील हा त्याचा धाकटा चुलतभाऊ. पुतण्याच्या, स्वराजच्या लग्नासाठी तो मुंबईहून पोलादपूरच्या वरच्या वाडीत आला तो काळीभोर, चकाकणारी गाडी घेऊन. बायका गोळा झाल्या, आणि विनोदची सख्खी बायको गौतमी त्या दाराशी वाकून म्हणाली, "अगो बाय, हा तर आरसाच! आमच्या गाडीत तोंड बघायचं तर आधी धूळ पुसायला लागते." (एरवी ती 'तुमची गाडी' असायची. नावं ठेवताना मात्र दोघांची झाली.) विनोदच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊनही थांबेना.

त्यात आबाजींनी तेल ओतलं. आबाजी म्हणजे नवरदेवाचे आजोबा, वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. "महाडला हॉलवर नवरा कुणाच्या गाडीतनं न्यायचा ते लग्नाच्या सकाळी ठरवू," ते म्हणाले. "चकचकीत असल ती फुडं."

झालं. दुसऱ्या दिवशी विनोदने ऑफिसला दांडी मारली आणि थेट महाडला चंदूचं दुकान गाठलं.

"गाडी धुवायला काय हाय?"

"काय नाय ते विचारा," म्हणत चंदूने शाम्पू मांडले. गुलाबी फेसाचा, लिंबाच्या वासाचा, वॅक्सवाला.

"सुनील कुठला वापरतो?"

"कोण सुनील?"

"ऱ्हाऊ दे. त्याच्यापेक्षा भारी दे."

चंदूने वॅक्सवाला दिला आणि वर एक निळं, जाड मायक्रोफायबरचं फडकं ठेवलं. "विनोदभाऊ, शाम्पू कुठलापण घ्या, पण लगेच पुसा. उन्हात वाळली तर डाग धरतात." विनोदने फडकं गालाला लावून बघितलं. बऱ्याच वर्षांत त्याच्या गालाला इतकं मऊ काही लागलं नव्हतं.

एवढ्यावर तो घरी गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मत्सरी माणसाला सरळ रस्ता दिसत नाही. महाडपलीकडच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ केली की खरूज-नायटा जातो, कातडी उजळते, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. माणसाची कातडी उजळते, तर पत्र्याची का नाही? आणि हे पाणी सुनीलला मुंबईत कुठलं दुकान देणार होतं? उलट्या दिशेला सवला जाऊन त्याने डिकीत मावतील तेवढे कॅन भरून आणले.

लग्नाच्या सकाळी अंगणात फेसच फेस झाला. सवच्या पाण्याने गाडी खळखळून धुतली आणि विनोद फडकं आणायला घरात धावला. पिशवी रिकामी! तेवढ्यात न्हाऊन गौतमी आली. डोक्याला निळं फडकं गुंडाळलेलं.

"अवो, पाणी कसं पिऊन घेतंय बघा!" तिचे डोळे भरून आले होते. "लग्नाला इतकी वर्सं झाली, माझ्यासाठी पयल्यांदाच काय तरी आणलंत. आणि सांगितलंसुदिक नाय! लाजलात काय?"

बाहेर गाडी निथळत होती, आत संसार. विनोदने संसार निवडला.

"आवडलं?" तो म्हणाला.

ती हसली. सुनीलच्या दारात बघतानाही अशी हसली नव्हती. तेवढ्या वेळात विनोद गाडी विसरला, पण मे महिन्याचं ऊन विसरलं नाही. तो बाहेर आला तेव्हा बॉनेटपासून डिकीपर्यंत पांढरे ठिपकेच ठिपके होते. गाडीला गोवर आला होता. बनियनने घासले तर ठिपक्यांचे पट्टे झाले.

"दादा, रांगोळी झकास काढलीस," सुनील जाताजाता म्हणाला.

आबाजी काठी टेकत आले. दोन्ही गाड्या बघितल्या. "सुनीलची." पोरं झेंडूच्या माळा आणि टेप घेऊन काळ्या गाडीकडे धावली.

"ए, टेप नको! कोटिंग केलंय!" सुनील ओरडला. "दोरीपण नको, ओरखडे येतील!"

"मग फुलं काय हवेत धरायची?" आबाजी कडाडले. "बिनफुलांच्या गाडीतनं आमच्यात नवरा जात नाय. विनोद, तुझी काढ रे! आणि पोरांनो, फुलं जास्ती लावा. पार झाकून टाका तिला."

पोरांनी झाकली. विनोदची छाती इतकी फुगली की स्टिअरिंगला टेकली. मागे नवरदेव बसला. शेजारची सीट त्याने गौतमीसाठी राखली होती. घाम पुसायला खांद्यावर निळं फडकं टाकून ती आली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "तुमचा एसी मेलाय. पावडर वितळल माझी. मी भावजींच्या गाडीत बसते."

बसू दे! नवरदेव कुणाच्या गाडीत होता? हॉर्न वाजवत, झेंडूच्या पाकळ्या उधळत विनोदने वऱ्हाड खाली पोलादपूरच्या नाक्यावर आणलं. तिथे गर्दीत गाड्या थांबल्या, म्हणून त्याने ऐटीत बाजूच्या आरशात बघितलं. त्याच्या झेंडूच्या पाकळ्या उडून मागच्या काळ्या गाडीला चिकटल्या होत्या. गौतमी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती आणि नवऱ्याने पहिल्यांदाच आणलेल्या त्या निळ्या फडक्याने सुनीलचं दार पुसून देत होती.