काचेच्या धाग्यानें प्रधान तोलिले त्याचा वृत्तांत

श्री. जो उजेड आरपार जातो आणि वाटेंतलें सर्व जाणतो, त्यास दंडवत घालून लिहितों. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, आश्विनमासीं या राज्यांत नवल वर्तलें तें ऐसें. रेणुकाबाई टिल्लू नामें पदार्थविज्ञानाच्या थोर पंडिता होत्या. त्यांनीं केसाएवढ्या काचेच्या धाग्यांतून उजेड धाडावा, धागा किंचित ताणला कीं उजेड बदलावा, आणि त्यावरून भार किती तें सांगावें, या एका विद्येंत उभी हयात घातली. लोक म्हणाले, बाईंस काचेचें वेड लागलें. मग नदीवर नवा पूल जाहला, आणि महाराजांनीं आज्ञा केली कीं दसऱ्याची स्वारी त्यावरून न्यावयाची, सबब पुलांत धागा घालावा. बाईंनीं घातला. आतां धाग्याच्या परीक्षेस माहीत वजन पाहिजे, आणि या राज्यांत वजनाचें प्रमाण एकच, प्रधान गुंडोपंत. त्यांची दरसाल गुळानें तुला होते, आणि गूळ दोन मणच घालतात. पारडें हललें नाहीं तरी सारे टाळ्या वाजवितात. तो गूळ मग रयतेंत वाटतात, कधीं पुरत नाहीं. असो. गुंडोपंत पुलावर उभे राहिले आणि धाग्यानें तीन मण दाखविले.

दरबारांत हलकल्लोळ जाहला. राजवैद्यांनीं धाग्याची नाडी पाहिली आणि पित्त सांगितलें. मग गुंडोपंत म्हणाले, "धागा दोनावर आणावा." बाई म्हणाल्या, "सरकार, तिनाचे दोन केले तर हत्ती, तोफा, सर्वच हलकें दिसेल. पूल मोडेस्तोवर धागा सुखरूप म्हणेल. माझी विद्या बुडेल आणि माणसेंही बुडतील." गुंडोपंत म्हणाले, "बाई, शिकलां म्हणोन आमचें वजन वाढवूं नका." आणि धागा दोनावर आणविला.

दसऱ्यास स्वारी निघाली. पुढें हत्ती, हत्तीवर गुंडोपंत, मागें महाराज, तोफा, वाजंत्री आणि अवघें नगर. पुलाच्या तोंडाशीं बाई उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "हत्ती, तोफा आधींच एकेक तोलून धागा म्हणतो, पूल भार पेलेल. आपण खरेंच दोन मण असाल तर खुशाल जावें." हत्तीनें पाय उचलला होता, तो गुंडोपंतांनीं थांबविला. नदीकडे पाहिलें, महाराजांकडे पाहिलें, आणि वाकून हळूच म्हणाले, "तीन." बाई म्हणाल्या, "मागें तोफखान्यास ऐकूं गेलें नाहीं." मग गुंडोपंतांनीं चौघडा थांबविला आणि भर स्वारींत सांगितलें, "तीन मण आहें हो मी. वर थोडा." आणि स्वारी माघारी फिरली.

एवंच काय, तर पूल नव्यानें मजबूत केला, बाईंस शालजोडी मिळाली, आणि पुढल्या दसऱ्यास तुलेस गूळ साडेतीन मण लागला, तो पहिल्यानें सर्वांस पुरला.