पिशवी परत न मागणारे शिरसाट सर

शिरसाट सरांनी तुम्हाला काही दिलं, तर पिशवी परत करायला जाऊ नका. रागावतात. "पेशीनं कदी पिशवी वापस मागितली का?"

घाटनांदुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण त्यांचा तास काही संपला नाही. चार वांगी द्यायला आले तरी उंबऱ्यातच सुरू. "पेशीत प्रथिन तयार झालं, की पैले त्याची नीट घडी. मग गॉल्जी नावाच्या भागात पॅकिंग. मग पिशवी. ती पेशीच्या पडद्यापाशी येती, पडद्यातच मिसळती, अन् माल भायेर! लई सोपं हाय. हसता कावून, ताई?" मी वीस वर्षं दवाखान्यात नर्स आहे, त्यांच्यापुढे मात्र कायम अकरावी ब.

सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या पिशव्या मागच्या दारानं गुपचूप परत नेतात. एकदा सरांनी पाहिलं. जरा विचार करून म्हणाले, "असू द्या. पेशी बी थोडं वापस घेतीच."

वहिनींना साखरेचा आजार. गोळ्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी रोज सकाळी इन्सुलिन सांगितलं. सरांनी लगेच कॅलेंडरच्या पाठीवर स्वादुपिंड काढलं आणि तिथल्या पेशी पिशव्या सोडायला कशा कमी पडतात ते समजावलं.

"ते ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "मला बारीक दिसत न्हाई. सुई कोन टोचनार?"

जन्मभर बेडूक फाडलेला माणूस, पण बायकोच्या पोटाजवळ सुई नेली आणि घामाघूम झाला. मग रोज मीच टोचू लागले. सर तेवढा वेळ अंगणात पाठ करून उभे.

पुढे उमापूरला माझ्या भाचीचं लग्न निघालं. मी दोन दिवस नसणार, हे सरांना आठवडाभर आधी सांगितलं. "जा तुमी. व्हतंय," म्हणाले, पण चेहरा उतरला होता. लग्नात माझा जीव काही लागेना. फोन केला, तर सर उचलेनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आले ती सामानासकट त्यांच्याच घरात शिरले. वहिनी निवांत भाकरी थापत होत्या.

"सुई दिली का सरांनी?"

"रोज दिली. कळलं बी न्हाई बगा."

हायसं वाटलं. खरं सांगते, थोडा हेवाही वाटला. तेवढ्यात सर तोंड धुऊन आत आले. बनियन वर करून चेहरा पुसत होते. पोटावर बारीक लाल ठिपके, चांगले दहा-बारा.

"सर, हे काय?"

त्यांनी झटकन बनियन खाली ओढलं. "कोऱ्या सुया व्हत्या, ताई. नुसत्याच." मग चुलीकडं पाहत हळूच म्हणाले, "कशी टोचल्यावर कमी दुखतंय, ते आदी बगायचं व्हतं."