ताटाची जमीन

चंद्रावतीबाईंचं गोव्यातल्या हळर्णचं नारळ-आंब्याचं भाट, म्हणजे बागायत, नव्या नोंदीत सरकारच्या नावावर चढलं. ही नजरचूक असल्याचं कचेरीने ताबडतोब मान्य केलं. दुरुस्तीसाठी फक्त स्थळपाहणी हवी होती.

पाहणीला गौरेश आला. बाईंच्या इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचा. आता ‘थेट सरकारी जमीन कक्षा’चा प्रमुख. सोबत मोजणीदार, शिपाई, चालक. वेळ ऐन जेवणाची. सासूबाईंनी पाकल्याच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, शिपायालासुद्धा उपाशी धाडलं नव्हतं. बाईंनी इसवणाचं हुमण, म्हणजे सुरमईची नारळातली आमटी, वाढलं.

“असलें हुमण पणजेंतय मेळना, बाई. नारळ भाटातलेच?”

“मग काय बाजारातले?” बाई अभिमानाने म्हणाल्या.

जेवणानंतर उन्हामुळे पाहणी स्थगित झाली. आंबे पिकल्यावर ती पुन्हा निघाली. मानकुराद मोजता मोजता संपले. चतुर्थीत वरिष्ठ आले. त्यांनी नारळाच्या सारणाच्या नेवऱ्यांची सखोल पाहणी केली.

अखेर गौरेश निकाल घेऊन आला. आधी जेवला, मग हात पुसून वाचू लागला: “सदर जमिनीच्या उत्पन्नातून शासनाने वेळोवेळी भोजन केले असून त्यास कोणतीही हरकत आलेली नाही. सबब शासनाची वहिवाट सिद्ध होते.”

“अरे, पाहुणचार होता तो.”

“तुम्हीच शिकवलंत, बाई. जुन्या जर्मन राजांना राजधानी नव्हती. गावोगावी त्यांच्या खालसा जमिनी. राजा लवाजमा घेऊन यायचा, पिकलेलं खायचा, संपलं की पुढच्या गावी. परीक्षेत तेवढंच लिहून पास झालो मी.”

“पुढचंही शिकवलं होतं. राजांनी त्या जमिनी मर्जीतल्या सरदारांना वाटून टाकल्या. शेवटी राजाच्याच ताटात काही उरलं नाही.”

“वाटपाचा कक्ष वेगळा आहे, बाई. ते साहेब सोमवारी येतील.” गौरेश उंबऱ्यात थांबला. “ते शाकाहारी आसात.”

निषेधाची सभा बाईंच्याच अंगणात भरली. अन्याय झाल्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. सोलकढीबद्दलही. पोटं भरल्यावर सभा पुढच्या रविवारी ठेवायचं ठरलं, तेव्हा कुणीतरी हळूच विचारलं, “फणस कधी पिकतात हो तुमचे?”

तुम्हालाही बाईंची कीव आली असेल. त्यांना धीर द्यायला जरूर जा. त्या दारातच विचारतील, “जेवून जाणार ना?”

नको म्हणून बघा.