मीठ कोणी टाकलं?

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी नाना राहतात. त्यांना भरताची वाटी दिली की आधी विचारतात, “अक्का, मीठ कोणी टाकलं?”

“मी.”

“कमीजास्त झालं तर जाब कोणाला विचारायचा?”

“मलाच. खायचं तर खा, नाही तर वाटी परत द्या.”

नाना पतसंस्थांचे ऑडिटर होते, धुळ्याला. माणूस सरळ, पण डोक्याला ताप. कॉलनीच्या गणपतीत आरतीचं ताट कोणी धरलं की यांचं सुरू, “नेमलं कोणी? जाब कोणाला?” तोवर कापूर विझतो.

आमची पतसंस्था बुडाली. माझ्या पाटल्या मोडून ठेवलेले पैसे त्यातच आहेत. वर प्रशासक नेमला तो पुढाऱ्याचा साडू. पंखा कुठल्या खुर्चीवर आहे, एवढंच त्याला कळायचं. बोंब झाली तेव्हा त्याला काढलं आणि पुढाऱ्याचा माणूस हार घेऊन नानांच्या दारात आला.

“नाना, आता तुम्ही प्रशासक.”

मी मनातल्या मनात पाटल्या घातल्यासुद्धा.

नाना म्हणाले, “जाब कोणाला द्यायचा?”

“साहेबांना.”

“ठेवीदारांना नाही?”

“त्यांना कशाला?”

“मग हार साहेबांनाच घाला.”

माणूस गेला. मी ओरडले, “तुमचा तो जाब चुलीत घाला! माझे पैसे सुटले असते.”

नाना दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एसटीने धुळ्याला जातात. मला वाटलं, तिथे याहून मोठी खुर्ची बघून ठेवली असेल. या सोमवारी मीही त्याच बसमध्ये चढले.

“अक्का, तुम्हाला कोणी नेमलं?”

“माझ्या पाटल्यांनी.”

धुळ्याच्या देवपुरात एका ओट्यावर माझ्याहून म्हातारी बाई बसली होती. नाना चपला काढून तिच्यापुढे उभे राहिले.

“माय, तुमची पतसंस्था आतून पोखरलेली होती. मला दिसत होतं. वरून फोन आला आणि मी ऑडिटमध्ये तिला ‘अ’ वर्ग दिला. तो बघून तुम्ही पैसे ठेवले.”

म्हातारीने विचारलं, “तू कोन शेस रे भाऊ?”

तिची सून मला हळूच म्हणाली, “पहिल्यांदा आले तेव्हा आईंनी चप्पल फेकून मारली होती. आता त्यांना काहीच आठवत नाही. तरी हे येतातच.”

नानांनी परत पहिल्यापासून सांगायला घेतलं.

पाटल्यांचा राग माझा अजून गेलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी भरताची वाटी नेऊन दिली. नानांनी काही विचारलं नाही.

मीच सांगितलं, “मीठ मी टाकलंय.”