हकिकत घोंगडीच्या एकवीस मानकऱ्यांची

श्री. जे आहे त्यास नमन, जे नाही त्यास दुप्पट नमन, आणि पाठीच्या मधोमध जी जागा आहे, जेथे कोणाचाच हात पोचत नाही, तीस साष्टांग नमन. राज्यस्थापनेपासून वर्ष एकशे तीन, खरनाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी, ते दिवशी घोंगडीच्या दरबारात काय वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. नदीअलीकडचे राज्य म्हटले म्हणजे जाणत्यास कळते, आणि नेणत्यास नाव सांगून तरी काय मिळणार. तर या राज्यात एकवीस शूर मानकरी होते, त्यांस घोंगडीचे मानकरी म्हणत, आणि यापरता थोर मान दुसरा नव्हता. मूळ कैसे म्हणाल, तर थोरले महाराज लढाई मोडली तेव्हा एकटे काळडोंगरावर गेले, पाठीस शत्रूचे स्वार लागले, तेथे लक्काई नावाची धनगरीण मेंढरे बसवून होती, तिने महाराजांस मेंढरांत निजविले आणि वर आपली घोंगडी टाकिली, आणि शत्रू चहूकडे फिरत असता महाराज सूर्योदयापासून मध्यान्हीपर्यंत निश्चळ राहिले, अंगास नख म्हणून लाविले नाही. पुढे दप्तरात ऐसे लिहिले आहे की महाराजांचे तेज घोंगडीतून फाकले, ते पाहून शत्रू दिपले आणि पळाले. दप्तर आहे, त्याच्याशी कोणी भांडावे. मग राज्य जाहल्यावर महाराजांनी हा मान स्थापिला, वीस आसने रणात नाव केलेल्यांस दिली, आणि एकविसावे आसन लक्काईस दिले, ते तिच्या घरी सासूकडून सुनेकडे चालावे, आणि आसन आहे तोवर काळडोंगराचे कुरण तिच्या मेंढरांस असावे, ऐसे ताम्रपटी कोरिले. मानकरी करताना महाराज त्याच्या खांद्यास धनगरी काठी लावीत आणि विचारीत, "अंगावर काय आहे?" मानकऱ्याने म्हणावे, "राज्य आहे." "हात हलेल?" "हलणार नाही." इतकीच शपथ. आणि दरसाल वैशाख शुद्ध सप्तमीस एकवीसही जणांनी उघड्या अंगावर घोंगडी घेऊन सूर्योदयापासून मध्यान्हीच्या तोफेपर्यंत बसावे, जो खाजवील त्याने घोंगडी खाली ठेवून घरी जावे, ऐसा शिरस्ता पडला.

आता वैशाखाचे ऊन आणि खरखरीत लोकर, यांचे जुळणे कैसे असते ते ज्याने भोगिले तोच जाणे. पहिल्या पिढीचे मानकरी भोगीत बसले. दुसऱ्या पिढीने घोंगडीस आतून मलमलीचे अस्तर लाविले, बाहेरून दिसत नाही मग हरकत काय म्हणून. तिसऱ्या पिढीने मलमल काढून मखमल घातली. आणि चौथ्या पिढीस मखमलीतही खाज सुटू लागली, तेव्हा दरबारात खाजनवीस म्हणून नवा कारकून नेमिला, तो आसनांमागे पडद्याआड उभा राही, हाती लांब दांड्याचा हस्तिदंती पंजा, आणि मानकरी दोन वेळा खाकरला की पडद्यातून पंजा येऊन काम करून जाई. मानकऱ्याचा हात हलत नसे, म्हणजे शपथही मोडत नसे. ऐसे थोर राज्य.

एकविसाव्या आसनावर या वेळी होनाक्का होती. वय साठ, अंगाने वाळलेली, आवाज मात्र दोन टेकड्या ओलांडून जाणारा. तिचे आसन मूळचे महाराजांशेजारी, परंतु एकेक सरदार पुढे सरकता सरकता ते दाराशी जोड्यांपाशी आले होते. तिच्या घोंगडीस अस्तर नव्हते, आणि तिच्यामागे पडदाही नव्हता. खाजनवीस एकदा चुकून तिच्यामागे पंजा घेऊन गेला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझ्या मेंढरांना कर जा, ती तरी दुवा देतील." तेव्हापासून तो तिकडे फिरकला नाही.

त्या वर्षी दिवाण गिरमाजीपंत, स्वतः पाचव्या आसनाचे मानकरी, यांनी फर्मान तयार करून ठेविले होते की घोंगडी बंद करावी, तीऐवजी जरीची शाल द्यावी, आणि एकविसावे आसन निरुपयोगी म्हणून मोडावे. आसन गेले म्हणजे कुरण गेले, हे होनाक्कास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अकराशे मेंढरे होती, आणि वैशाखात हिरवे गवत त्या राज्यात काळडोंगराखेरीज कोठेच नव्हते. सकाळी दाराशीच पंत भेटले, तेव्हा तिने विचारिले, "दिवाणजी, शाल पांघरून तुमी बसाल, पर माझी मेंढरं काय खातील, शालीचे गोंडे?" पंत म्हणाले, "होनाक्का, काळ बदलतो." ती म्हणाली, "व्हय, काळ बदलतो. पोट तिथंच ऱ्हातं."

इतके बोलणे होते तोच नदीपल्याडच्या राजांचे वकील रायभानजी वीस असामींसह दरबारात दाखल जाहले. पांढरे शुभ्र झिरझिरीत अंगरखे, कानात अत्तराचे फाये, बोटांत सर्वांच्या एकसारख्या हिरव्या खड्याच्या अंगठ्या, चालणे ऐसे की जमिनीवर उपकार करीत आहेत. महाराजांनी मान देऊन समोर बसविले. वकील बोलिले, "महाराज, काळडोंगरावरून आपले आमचे चाळीस वर्षे भांडण आहे. आपण म्हणता, आमचे थोरले महाराज त्या डोंगरावर घोंगडीखाली न हलता राहिले आणि राज्य वाचले, म्हणून डोंगर आमचा. बरे. त्या घोंगडीचे वारस हे बसले आहेत. यांनी घोंगड्या उलट्या करून दाखवाव्यात, इतकीच अर्जी." हे ऐकताच पडद्याआड खाजनविसाचा पंजा हातून खणकन पडला. घोंगड्या उलटल्या, तो वीस रंगांची मखमल, गुलाबी, अंजिरी, पोपटी. सरदार हैबतराव, ज्यांचे पोट त्यांच्यापेक्षा अर्धी घटका आधी दरबारात येई, त्यांच्या अस्तरावर तर मोरही काढिले होते. वकील हसले आणि म्हणाले, "हे तर आमच्याकडच्या नाचणारणीही अंगावर घेतात. वंश खोटा, शपथ खोटी, तर डोंगरावरचा दावाही खोटा." महाराजांनी मान खाली घातली.

तेव्हा होनाक्का जोड्यांपासून उठली, आणि मानकऱ्यांच्या रांगेतून चालत थेट मधोमध आली, आणि म्हणाली, "म्हाराज, मला बोलू द्या." महाराज म्हणाले, "बोल होनाक्का, आता तूच बोल." मग ती वकिलांस म्हणाली, "पावणं, आज सप्तमी हाय, सूर्य आत्ता कुठं वर आलाय. हे वीस जण खऱ्या घोंगडीत बसतील. तोफ हुईस्तवर यांच्यातल्या एकानं जरी नख लावलं, तर डोंगर तुमचा, माझं कुरण तुमचं. पर तुमीबी समोर बसायचं, आन नेम सगळ्यांना एकच. तोफेच्या आदी ज्याच्या बाजूचा हात पयला खाजवायला ग्येला, ती बाजू हरली. तुमी हरला तर डोंगराचं नाव काढायचं न्हाई, आन नदीचा उतार माझ्या मेंढरांस्नी पाण्याला मोकळा." वकील मोठ्याने हसले. "आम्ही? मलमलीत? आनंदाने बसू." आणि तह तेथेच लिहून दोन्हीकडचे शिक्के पडले. गिरमाजीपंत कानाशी येऊन म्हणाले, "अगं बाई, राज्य घालविलेस! हैबतराव माशी बसली तरी वैद्य बोलावतात." होनाक्काने दोन बोटे तोंडात घालून शीळ मारिली. देवडीवर रिवाजाप्रमाणे ढोल घेऊन तिचे धनगर उभे होते, त्यांनी आपापल्या खांद्यावरच्या घोंगड्या उतरून दिल्या. त्यांस मेंढरांचा वास होता, आणि वासाबरोबर जे जे असते तेही होते. सरदारांनी अंगरखे उतरविले, आणि होनाक्का एकेकास आपल्या हाताने घोंगडी घालीत गेली आणि एकेकाच्या कानात सांगत गेली, "पयल्या घटकेला खाज, दुसऱ्या घटकेला आग, तिसऱ्या घटकेला घोंगडी आपली हुतीया. मदी हात हलला की पुन्हा पयल्यापासनं. एवढंच शास्तर हाय."

मग वीसही जण बसले, आणि होनाक्काही आपली घोंगडी घेऊन वकिलांसमोर बसली. पहिली घटका गेली ती कैसी गेली ते हैबतरावांनी पुढे आयुष्यभर कोणास सांगितले नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, पोट आपोआप थरथरते. दोन वेळा ते सवयीने खाकरले, परंतु पडद्याआडून काहीच आले नाही, कारण खाजनवीस देवडीबाहेर जाऊन बसला होता. दुसऱ्या घटकेस आग जाहली. गिरमाजीपंतांनी विष्णुसहस्रनाम आरंभिले आणि चाळिसाव्या नावापाशी विसरले आणि पुन्हा आरंभिले. हैबतराव रडक्या आवाजात म्हणाले, "होनाक्का, मानेवर काही चालते आहे हो." ती म्हणाली, "चालू दे. तुमी घोड्यावर बसता तवा घोडा तक्रार करतो का?" यास हैबतराव इतके हसले की आग विसरले, आणि त्या हसण्यात दुसरी घटका सरली. तिसऱ्या घटकेस, होनाक्का म्हणाली होती तैसेच, अंगाने हट्ट सोडिला, आणि वीसही जण जणू घोंगडीतच जन्मले ऐसे बसले. समोर वकील मात्र मंद हसत होते, आणि मधून मधून अत्तराचा फाया नाकाशी नेत होते.

ऐसा मध्यान्हकाळ जाहला. खांबाची सावली खांबाखाली गेली. तोफ होईना. सावली दुसऱ्या अंगास निघाली, तरी तोफ होईना. महाराजांनी वर बुरुजाकडे पाहिले, तो गोलंदाज मान फिरवून उभा, आणि त्याच्या बोटात हिरव्या खड्याची अंगठी, अगदी वकिलांच्या माणसांच्या बोटांत होती तैसी. होनाक्काने ते महाराजांच्या आधी पाहिले होते. तोफ होणार नाही, म्हणजे कोणीतरी खाजविल्याखेरीज हे बसणे संपणार नाही, हे ती समजली. तहात मनाई हातास होती, जिभेस नव्हती. तेव्हा ती बसल्या जागेवरून बोलिली, "पावणं, कट्टाळला असाल. लक्काईची खरी गोष्ट सांगू? दप्तरात न्हाई ती. माझ्या सासूनं मला सांगितली, तिला तिच्या सासूनं." वकील म्हणाले, "सांगा, सांगा. वेळ तर आहेच."

"मग ऐका. थोरलं म्हाराज घोंगडीखाली पडल्यालं. तवा त्या घोंगडीत गोचिडी हुत्या. गोचीड लई शानी, वकीलसायब. ती आल्या आल्या चावत न्हाई. आदी फिरती. एवढीएवढीशी, तिळाएवढी, पर पाय आठ. सावकाश चालती. पायाच्या घोट्यापासनं निघती, पोटरीवर थांबती, इचार करती. मंग गुडघ्याच्या मागं, तितं कातडं कसं मऊ असतंय. तितं जरा बसती. न्हाई आवडलं. वर निघती." वकिलांनी पाय जवळ घेतला. "तिला ऊब पायजे. काखंत ऊब. मानंच्या खळीत ऊब. कानाच्या मागं तर लईच, तितं केसाच्या मुळाशी ती डोकं आत घालती, हळूच, गुदगुल्या केल्यावानी, आन पाय तेवढे बाहेर हलत ऱ्हात्यात." वकिलांच्या मागे कोणी तरी सुस्कारा टाकिला. "बरं, तिला मलमल लई आवडती. लोकरीत तिला वाट सापडत न्हाई, मलमलीत कशी सरळ जाती. तर तवा शत्रूचा स्वार आला आन लक्काईला म्हनला, घोंगडीखाली काय हाय? लक्काई म्हनली, खरजंचा एडका हाय, हात लावू नको, ज्यानं ज्यानं लावला त्याला दिवस मावळायच्या आत... आन त्यानं तर आदीच लावल्याला. त्यो हाताकडं बगाय लागला. बगता बगता मनगटाला... अगदी हितं... मंग कोपराला... मंग पाठीच्या मदोमद, जितं हात पोचत न्हाई..."

होनाक्का एवढे बोलून थांबली, आणि वकिलांच्या उजव्या कानाच्या मागे टक लावून पाहत राहिली. वकिलांचा चेहरा ताठ जाहला, नाकपुडी हलली, करंगळी मांडीवरून उचलली गेली, परत बसली, परत उचलली गेली, आणि मग रायभानजी, ज्यांनी सात दरबारांत सात राजे निरुत्तर केले होते, त्यांनी पाचही नखे कानामागे लावून ऐसे करकरून खाजविले की अत्तराचा फाया उडून महाराजांच्या पायाशी पडला. त्यांचा हात गेला आणि मागचे वीसही हात गेले, कोणी पाठ, कोणी पोटरी, कोणी एकमेकांची. इकडे एकवीस घोंगड्या दगडाच्या. आणि सभेत ऐसा गजर जाहला की बुरुजावरचा गोलंदाज दचकला, आणि त्याचाही हात कानामागे खाजविण्यास निघाला होता, त्यातली बत्ती तोफेस लागली.

होनाक्का म्हणाली, "त्यो स्वार बी असाच खाजवत पळाला, म्हाराज. तेजबिज काय नव्हतं. थोरलं म्हाराज पडून ऱ्हायले, ही त्यांची मर्दुमकी. बाकी लक्काईची जीभ." महाराज आसनावरून उठले आणि तिला आपल्या शेजारची तिची मूळची जागा देऊ लागले. ती म्हणाली, "नगं. जोड्यांपाशीच बरी हाय. तितनं येनाऱ्याचे हात दिसतात." गिरमाजीपंतांनी आपले फर्मान मागवून फाडिले, आणि सर्वांदेखत म्हणाले, "होनाक्का, ही घोंगडी मला ठेवू द्या." ती म्हणाली, "ठेवा. पर धुऊ नका." वकीलही मोठ्या मनाचे निघाले. उताराचा लेख त्यांनी स्वहस्ते लिहिला, अर्थात डाव्या हाताने, कारण उजवा अद्याप रिकामा नव्हता.

तात्पर्य येणेप्रमाणे. काळडोंगर अलीकडे राहिला, मेंढरे नदीवर पाणी पितात, वीस मखमली अस्तरे उसवून कोकरांस झुली केल्या, पैकी मोरांची झूल हैबतरावांनी स्वतः मागून एका लंगड्या कोकरास घातली, हस्तिदंती पंजा दरवाजावर खिळ्यास टांगला आहे, आणि खाजनविसास नवे काम लाविले की दरसाल वैशाख शुद्ध सप्तमीस नव्या उमेदवारांसमोर हीच हकिकत गोचिडीसह सावकाश वाचावी. वाचन संपेतो ज्याचा हात हलला नाही त्याच्याच खांद्यास काठी लागते. ही नक्कल जो वाचील त्यासही नेम तोच. येथवर येता ज्याचा हात कानामागे गेला असेल, त्याने अर्जी करू नये. लेखनसीमा.